मातीच्या गोधडीखाली कोणाचे नाव

प्रति,
मा. सहायक संचालक,
हस्तकला संवर्धन व प्रदर्शन कक्ष,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : चतुराबाई बन्सी वाळके, धंदा माती व सुई, राहणार पडेगाव, दौलताबाद रस्ता.

विषय : आपल्या दालनातील ‘मातीची गोधडी’ ही कलावस्तू अर्जदाराने का उसवली, आणि तिच्याखाली कोणाचे नाव असावे, याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस, जी अर्जदाराच्या नवऱ्याच्या नावाने आली आणि अर्जदाराने फोडली.

महोदय,

१. संदर्भीय नोटिशीत आपण विचारणा केली आहे की, आपल्या दालनात काचेच्या पेटीत ठेवलेल्या कलावस्तूची ‘एका अनोळखी महिलेने’ नासधूस केली असून, सदर महिलेबाबत कलाकार श्री. बन्सी वाळके यांना काही माहिती आहे किंवा कसे. माहिती आहे. ती महिला अनोळखी नसून श्री. बन्सी यांची लग्नाची बायको आहे आणि हा अर्ज तिचाच आहे. नासधूस हा शब्द तिला मान्य नाही. उसवले, एवढे मान्य आहे. ते तिने कोणाच्या चिथावणीने केले नाही, डोके फिरले म्हणूनही केले नाही. भर दुपारी, आपल्या शिपायाने दिलेल्या स्टुलावर बसून, नीट उजेड बघून केले. शिपायाचा यात काडीचा दोष नाही. बाईमाणूस ताटकळत उभी दिसली म्हणून त्याने स्टूल दिले, आणि पेटीला कुलूप कधीच नव्हते.

२. हा अर्ज लिहिणारा लेखनिक अनंतराव आंबेकर हा पूर्वी सरकारी कचेरीत अव्वल कारकून होता व आता कचेरीच्या फाटकाबाहेर छत्रीखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो. नोटीस वाचून त्याने रिवाजाप्रमाणे दिलगिरीचा मसुदा केला होता. त्यात ‘अनवधानाने’, ‘अशिक्षितपणामुळे’, ‘मोठ्या मनाने माफी व्हावी’ असे सगळे होते. मसुदा वाचून दाखवताच अर्जदार म्हणाली, “अनवधानानं टाका उसवत नाय, काका. अन् सातवी पास हाये मी. फाडा त्यो कागद अन् खरं ल्हिवा.” सबब तो मसुदा फाडण्यात आला. पुढे जेथे जेथे अर्जदाराचे किंवा तिच्या घरच्यांचे बोलणे अवतरणात आले आहे, ते जसेच्या तसे घेतले आहे. त्यातील भाषेबद्दल लेखनिक जबाबदार नाही, पण त्याला ती पटते.

३. प्रथम सदर वस्तू काय आहे ते सांगणे भाग आहे, कारण आपल्या नोटिशीत तिचे वर्णन ‘कापडयुक्त मृण्मय नग’ असे केले आहे आणि त्यावरून काही बोध होत नाही. एक बाई बसली आहे. मातीची, वीतभर उंच, गुडघे वर घेतलेली. तिच्या गुडघ्यांवर गोधडी आहे. ही गोधडीही मातीची. काडेपेटीहून लहान अशा मातीच्या चकत्या हाताने थापायच्या, ओल्या असतानाच जुन्या लुगड्यावर दाबायच्या, म्हणजे कापडाचे विणकाम मातीवर उमटते. मग कडेने बाभळीच्या काट्याने भोके पाडायची, सावलीत सुकवायच्या आणि आव्यात भाजायच्या. भाजून निघाल्यावर चकत्यांच्या मध्ये लुगड्याच्या चिंध्या घालून एकेक ओळ दोऱ्याने शिवत न्यायची. अशी गोधडी गुडघ्यांवर टाकली की ती दोन्हीकडे लोंबते, आणि हात लावला की हलते. माती हलते हे बघून माणूस पुन्हा हात लावतो. आपणही लावला होता, असे अर्जदारास स्मरते.

४. ही रीत अर्जदाराला कोणी शिकवली नाही. ती कन्नडकडची, लग्न होऊन पडेगावला कुंभाराच्या घरात आली. या घरात बाईने चाकाला हात लावायचा नाही, असा दंडक आहे. माती खणणे, तुडवणे, चाळणे, मडकी थोपटणे, आवा रचणे, राख काढणे हे सर्व बाईने करायचे. चाक मात्र पुरुषाचे. नव्या नवरीने एकदा चाकावर पडलेला गोळा उचलला, तर सासू द्वारकाबाई यांनी चाकावर पाणी शिंपडून, दिवा लावून ते दिवसभर बंद ठेवले होते. त्या दिवसापासून अर्जदाराने चाकाकडे पाठ करून जे करता येईल ते केले. चुली केल्या, पोळ्याचे बैल केले, आणि उरलेल्या वेळात गोधड्या शिवल्या. एका वर्षी ओला बैल वाळायला गोधडीवर ठेवला तो विसरला. उचलला तेव्हा त्याच्या पोटावर टाक्यांची ओळ उमटलेली होती. बन्सी म्हणाला, पुसून टाक, गिऱ्हाईक घेणार नाही. अर्जदाराने पुसली नाही. बैल भाजला, ओळ राहिली, आणि तिथून हे सगळे सुरू झाले.

५. आपले क्षेत्र निरीक्षक श्री. आप्पासाहेब मोकळे हे पडेगावी कारागिरांच्या नोंदणीसाठी आले असता त्यांनी ही बाई व तिची गोधडी पाहिली आणि तोंडात बोट घातले. त्यांनीच ती आपल्या दालनात ठेवण्याचा विषय काढला. त्यांच्या मनात पाप नव्हते, हे अर्जदार आजही म्हणते. पण दालनात ठेवायची तर ओळखपत्र हवे, आणि ओळखपत्रासाठी हस्तकलेचा प्रकार हवा. प्रकार माती असेल तर चाकावर प्रात्यक्षिक, प्रकार कापड असेल तर माग. अर्जदार चाकावर बसत नाही आणि तिच्याकडे माग नाही. तिच्याकडे काटा आणि सुई. या दोन्हींचा प्रकार आपल्याकडे नाही. आप्पासाहेबांनी बराच वेळ डोके खाजवले, मग अंगणात चाकावर बसलेल्या बन्सीकडे बघून म्हणाले, “बन्सीभाऊ, एक माठ काढून दाखवा बरं.” बन्सीने काढला. चांगला काढला, तो कुंभार चांगलाच आहे. त्याचा फोटो घेतला आणि ओळखपत्र त्याच्या नावाने झाले. अर्जदाराची समजूत घालण्यात आली की, “ताई, घरातलंच तर नाव हाय. नवरा काय अन् बायको काय, एकच.” वस्तू एकदा लोकांपुढे जाऊ द्यावी, नावाचे मागाहून बघू, असा विचार करून ती त्या वेळी काही बोलली नाही.

६. दालन उघडल्यावर नवरा-बायको दोघेही बघायला आले. पेटीखाली पाटी होती : ‘मातीची गोधडी. कलाकार : श्री. बन्सी वाळके, पडेगाव. साहाय्य : कुटुंबीय.’ त्या घरात कुटुंबीय म्हणजे अर्जदार, आंधळी होत चाललेली सासू आणि एक म्हैस. यांपैकी कोणी साहाय्य केले हे पाटीवरून कळत नाही. तेवढ्यात बघायला आलेल्या एका सुशिक्षित बाईंनी पाटी वाचली व बन्सीकडे वळून म्हणाल्या, पुरुषाचा हात असून किती नाजूक काम! बन्सीने हात जोडले. जन्मभर गिऱ्हाइकापुढे हात जोडण्याची सवय; ते आपसूक जुळले, असे तो सांगतो, आणि अर्जदाराचा त्यावर विश्वास आहे. लेखनिकाने येथे ‘अर्जदारास अतोनात दुःख झाले’ असे लिहिले होते. ते तिने खोडायला लावले. दुःख झाले नाही. राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

७. यानंतर अर्जदार आपल्या कार्यालयात आली असता ओळखपत्रधारकाशिवाय इतरांचे म्हणणे ऐकता येत नाही असे तिला सांगण्यात आले. म्हणून तिने ओळखपत्रधारकाला पाठवले. बन्सी हा भित्रा माणूस आहे, कचेरीची पायरी चढायची म्हणजे त्याला घाम फुटतो. तरी तो आला आणि आपल्यासमोर उभे राहून म्हणाला, “सायेब, ते माझं नाय. तिचं हाये. मला तर सुईत दोरा बी ओवता येत नाय.” त्यावर त्याला समजावण्यात आले की, नोंदीनुसार ती वस्तू त्याचीच आहे, नोंदीत असलेली गोष्ट तोंडी नाकारता येत नाही, आणि तो नाकारण्याचा हट्ट धरील तर त्याने नोंदणीच्या वेळी कार्यालयाची दिशाभूल केली असा अर्थ होऊन त्याच्यावर कारवाई होईल. म्हणजे ज्याने केले नाही असे तो स्वतः सांगतो, त्याचे ते आहे. आणि जिने केले असे सगळे पडेगाव सांगते, तिचे ते नाही. लेखनिकाने नोकरीत असताना पुष्कळ नोंदी केल्या, पण एखाद्याच्या अंगावर त्याच्या मर्जीविरुद्ध कला लादल्याची नोंद त्याच्या पाहण्यात नाही.

८. यावर आप्पासाहेबांनी एक तोड काढली, ती नमूद करणे आवश्यक आहे. अर्जदाराने चाकावर बसावे, बन्सीने गोळा लावून चाक फिरवून द्यावे, अर्जदाराने नुसता हात ठेवावा. तेवढा फोटो निघाला की तिच्या नावाने वेगळे ओळखपत्र होईल. “फोटोपुरतं बसा ताई. कोण विचारायला येतंय?” हे बोलणे अंगणात चालले असता खाटेवर पडलेल्या द्वारकाबाई उठून बसल्या. त्यांनी स्वतः सून म्हणून आणि मग सासू म्हणून तो दंडक पाळलेला. त्या म्हणाल्या, “बस गं चतुरा. माझ्या सासूनं मला बसू दिलं नाय, म्या तुला बसू दिलं नाय. लई झालं. बस.” बन्सीने चाक पुसले, पाण्याचे गाडगे जवळ आणून ठेवले आणि बाजूला उभा राहिला.

अर्जदार चाकाजवळ गेली. तिने त्यावर तळहात ठेवला. इतक्या वर्षांत जे फक्त लांबून ऐकले ते हाताखाली आले. तिला बसावेसे वाटले, हे ती लपवत नाही. पण मागे आप्पासाहेब मोबाईल धरून उभे होते आणि जरा इकडे तोंड करा म्हणत होते. तिने हात उचलला. सासूला म्हणाली, “आत्याबाई, बसंन. माझ्या मनानं बसंन, कवातरी. पर ह्यांच्यासाठी नाय.” आप्पासाहेबांना तिने सांगितले की, ही गोधडी चाकावर झालेली नाही. खोटा फोटो काढून खरे नाव मिळवायचे असेल तर ते नाव तिला नको. आप्पासाहेब चहा न घेता निघून गेले. द्वारकाबाई पुन्हा आडव्या झाल्या, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी सुनेकडे स्वतःहून चहा मागून घेतला.

९. त्यानंतर पाच-सहा दिवसांनी अर्जदार आपल्या दालनात आली व तिने गोधडी उसवली. कशी, ते आपल्याला हवे असल्यास असे : तिच्या माहेरी गोधडीच्या दोऱ्याला गाठ मारीत नाहीत, कारण गाठ निजलेल्या लेकराच्या अंगाला रुतते. दोऱ्याचे टोक काही टाके मागे फिरवून आत दडवतात. ज्याने शिवले त्यालाच ते हाताला लागते. अर्जदाराला ते ओळीओळीला लागत गेले. तिने कात्री वापरली नाही, दात लावला नाही, काही तोडले नाही. चकत्या पेटीत ओळीने मांडल्या, चिंध्यांच्या घड्या घालून कडेला ठेवल्या, आणि उघड्या गुडघ्यांची बाई मध्ये बसवून घरी आली. दोरा मात्र नेला. चोरीचा गुन्हा नोंदवायचा असेल तर तेवढा नोंदवावा.

१०. आता नासधुशीचे. दुसऱ्याच दिवशी आपल्या कार्यालयाने, पुढे मुंबईहून पाहुणे येणार आहेत म्हणून, बन्सीला गाडी पाठवून बोलावून घेतले व ‘आपली कलाकृती आपण पूर्ववत करावी’ असे फर्मावले. नाही म्हणण्याची त्याची छाती झाली नाही. शिपायाने सुईत दोरा ओवून दिला. बन्सीने आयुष्यभर मडकी गाडीवर बांधून बाजाराला नेली आहेत. मडके मडक्यावर आपटू नये म्हणून दोर करकचून ताणायचा, सैल राहिला की माल फुटला, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेले. त्याने इथेही तेच केले. काळजीने, जीव लावून, प्रत्येक टाका करकचून ताणला. पण गोधडीच्या चकत्यांना हलायला जागा लागते. कडा कडांवर घासल्या, भोकांपाशी तडकल्या, आणि आपल्या व आप्पासाहेबांच्या देखत एकामागून एक चकती फुटत गेली. तो जितका घाबरला तितका दोरा ताणत गेला. शेवटी आपणच त्याचा हात धरून थांबवला, असे तो सांगतो. त्याबद्दल अर्जदार आपली आभारी आहे.

११. संध्याकाळी बन्सी फुटलेले तुकडे रुमालात बांधून घरी आला आणि अंगणात बसून रडला. हे लिहू नये अशी त्याची विनंती होती. अर्जदार म्हणाली, लिहा. ती त्याच्यावर रागावलेली नाही. ज्या कामात त्याने कधी बोट घातले नाही त्याचा धनी करून, मग तेच काम त्याच्या हातून मोडवले, आणि वर त्यालाच विचारले की नासधूस कोणी केली. याचा राग तिला स्वतःच्या नावाच्या रागाहून मोठा आहे. नोटिशीचे उत्तर हवे असेल तर ते एवढेच की, उसवले अर्जदाराने. फुटले ते आपल्या कार्यालयात, आपल्या हुकुमाने, आपल्या नोंदीतल्या कलाकाराच्या हातून. कलाकाराने स्वतःची वस्तू मोडली तर गुन्हा होत नाही, म्हणून आपण त्याबाबत काही विचारलेले नाही, हेही तिच्या लक्षात आले आहे.

१२. नोटिशीत असा इशारा आहे की, ठरल्या मुदतीत वस्तू पूर्ववत न झाल्यास ओळखपत्र रद्द करण्यात येईल. रद्द करावे. ते बन्सीचे आहे आणि त्याने ते या अर्जासोबत आनंदाने परत केले आहे. माठ विकायला त्याला ओळखपत्र लागले नव्हते.

१३. सबब अर्जदाराची मागणी पुढीलप्रमाणे. पाटीवर ‘चतुराबाई वाळके’ एवढे नाव घालावे. आधी ‘श्रीमती’ नसले तरी चालेल, पण खाली ‘कुटुंबीय’ चालणार नाही. तसे झाल्यास ती आपल्या दालनात येईल, फुटलेल्या चकत्यांच्या जागी नव्या भाजून आणील, आणि पाहुण्यांच्या समोर बसून गोधडी पुन्हा शिवून देईल. बघायचे त्याने बघावे. ओळखपत्र, प्रात्यक्षिक, फोटो यांतले काहीही ती देणार नाही. जे केले ते समोर आहे, त्याहून मोठे प्रात्यक्षिक तिला येत नाही.

१४. नियमात हे बसत नसेल, तर आपण नियम मोडावा असा तिचा आग्रह नाही. तसे असल्यास मातीची बाई, उरलेल्या चकत्या आणि चिंध्या तिच्या ताब्यात द्याव्यात. ती त्या घेऊन जाईल आणि पडेगावला रस्त्याच्या कडेला, माठांच्या शेजारी, स्वतःच्या नावाची पाटी लावून ठेवील. वेरूळ-दौलताबादला जाणारे निम्मे जग त्या रस्त्याने जाते. मात्र आपली पेटी आणि आपली पाटी आपण काढू नये. रिकामी पेटी, आणि खाली ‘कलाकार : श्री. बन्सी वाळके’, हे आहे तसेच दालनात राहू द्यावे व मुंबईच्या पाहुण्यांना अगत्याने दाखवावे. त्या पेटीत बन्सीने केलेले तेवढेच आहे.

आपली नम्र असे लेखनिकाने लिहिले होते, ते अर्जदाराने खोडले आहे.

चतुराबाई वाळके
(सही स्वतःची)

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १७ जानेवारी २०२५

सोबत : एक ओळखपत्र, परत.

साक्षीदार : बन्सी वाळके. कलम १४ मधील शेवटची मागणी याने स्वतः सुचवली, व ती सांगताना त्याचा आवाज कापला नाही, असे लेखनिक प्रमाणित करतो.